खच्ची, म्हणजे कामाला आणलेला

पेपरात हल्ली दोन दिवसांआड हा शब्द असतोच. कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, शिक्षकांचं खच्चीकरण, मराठी शाळांचं खच्चीकरण. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही दोनदाती खोंड आडवा पाडलेला पाहिला नसेल, पैज लावते. मी सकाळी आसनगावच्या या फ्लॅटच्या गॅलरीत चहा घेऊन बसते आणि तो शब्द आला की पान उलटते. लेक म्हणते, आई, तुला राजकारणात रसच नाही. मी म्हणते, नाही. खरं कारण तिला सांगितलेलं नाही, ते इथे सांगते. आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगून मी पेन्शन मिळवली, पण या एका शब्दाचा अर्थ मी वर्गात कधीच धड सांगितला नाही. ‘नाउमेद करणे’ असं फळ्यावर लिहायचे आणि पुढे जायचे.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पाऊण तास चालायचं. घर कुडाचं, पुढे शेणाने सारवलेली ओटी, उजव्या हाताला गोठा आणि गोठ्याची भिंत तीच चुलीची भिंत. त्यामुळे आई भाकरी थापायची तो आवाज आणि पलीकडे गाय कपिली गव्हाणीला अंग घासायची तो आवाज एकात एक मिसळलेले असायचे. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट, पावसाळ्यात रानभाजी, हिवाळ्यात वालाचं बिरडं. घरात माणसं चार. बाबा, आई, माझा मोठा भाऊ ज्याला आम्ही दादा म्हणायचो, आणि मी, इंदू. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, तेव्हा इथेही मी तसंच करते. अहो-जाहो केलं तर तो मला परका वाटेल, आणि एवढं सगळं लिहून त्याला परका करायचा असता तर मी लिहिलंच नसतं.

बाबाचं नाव धोंडू. पंचक्रोशीत त्याला एका कामासाठी ओळखायचे. खोंड दोन दाती, म्हणजे अडीचेक वर्षांचा झाला की त्याला औताला जुंपायच्या आधी बाबाकडे निरोप यायचा. हे काम भात झोडून झाल्यावर, थंडीतच करायचं, म्हणजे माश्या नसतात आणि जखम चिघळत नाही. खोंडाला दोर टाकून आडवा पाडायचा, पाय बांधायचे, वृषणाच्या वरची नस दोन काठ्यांच्या मधे धरायची आणि लाकडी मोगरीने ठेचायची. कातडी फुटता कामा नये. रक्ताचा थेंब दिसला तर बाबा तो दिवस तोंड लपवून असायचा. या कामाला पुस्तकी मराठीत बडवणे म्हणतात. म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायला येणारे बाहेरचे व्यापारी खच्ची म्हणायचे. बाबा दोन्ही म्हणायचा नाही. तो म्हणायचा, ‘कामाला आनला.’ अमक्याचा खोंड कामाला आणला, तमक्याचा आणायचा राहिलाय. त्याच्या लेखी न बडवलेला खोंड म्हणजे नुसतं अंग होतं. धावायचा, भांडायचा, कुंपणं तोडायचा आणि शेवटी कुणाच्याच उपयोगाचा नसायचा.

पुढे शाळेच्या कपाटात मला एक जाडजूड शब्दकोश सापडला, कडेने वाळवी लागलेला. त्यात पाहिलं तर शब्द आपला नव्हेच. मूळ अरबी, ‘खसी’. फारसी-हिंदीच्या वाटेने घोड्या-बोकडांच्या बाजारांतून आमच्या भाषेत शिरलेला. अर्थ जनावरापुरता. तो माणसाच्या मनाला कधी लागू झाला ते कोशात नव्हतं. मी तिथेच कपाटापाशी उभी राहून कितीतरी वेळ ते पान पाहत होते, शिपाई येऊन म्हणाला, बाई, घंटा झाली.

बाबाच्या कामाला दोन नियम होते. एक, या कामाचं काही घ्यायचं नाही, नारळ सोडून. दुसरा नियम मिठाचा. काम केलं त्या दिवसापासून जनावराची सूज उतरेपर्यंत बाबा मीठ खायचा नाही. ‘त्याची आग होत आसंल, आपन मीठ कशाला खायाचा?’ एवढंच कारण. तीन दिवस, कधी चार. रोज जाऊन सूज पाहून यायचा आणि उतरली की ओटीवरूनच आईला ओरडायचा, ‘मीठ टाक गो.’ आई त्या दिवसांत त्याची भाजी वेगळी काढायची, आणि हिवाळ्यात हे इतक्यांदा व्हायचं, की बिनमिठाच्या वालाचा वास मला अजून वेगळा ओळखता येतो.

या कामाला दोघं लागायचे. बाबा मोगरी मारायचा आणि दुसरा काठ्या धरायचा. त्याला आमच्याकडे मागचा हात म्हणायचे. मागच्या हाताचं एक बोट सतत त्या नसेवर असायचं. नस ठेचून मऊ झाली की बोटाला कळतं, तेव्हा त्याने म्हणायचं, ‘बसली.’ मग बाबा थांबायचा. बाबा स्वतः आवाजावर असायचा. नस शाबूत असते तोवर मोगरीचा आवाज ओला येतो, पुरती बसली की सुका, लाकडावर लाकूड वाजल्याचा. बोट आणि कान दोन्ही जुळले की काम पुरं. दादा त्याचा मागचा हात होता. पण त्या वर्षी पावसाळ्यात दादा आसनगावला कंपनीत लागला, खोली घेऊन तिथेच राहायला लागला, आणि हिवाळा आला तेव्हा बाबाच्या मागे कुणी उरलं नाही. परक्याचं बोट त्याला चालायचं नाही. या कामाकडे बाईने फिरकायचंसुद्धा नाही अशी रीत, तरी एका सकाळी तो मला म्हणाला, ‘इंदे, चल माज्याबरोबर.’

मी नववीत होते. मला त्या वेळी किती आनंद झाला ते आज सांगायला लाज वाटते. गावाबाहेर माळावर काम चालायचं, चार बाप्ये उभे असायचे, सुरुवातीला कुजबुजायचे, आणि त्यांच्यासमोर माझा बाप माझ्या ‘बसली’साठी थांबायचा. पहिल्या दोन खोंडांना मी घाबरले, तिसऱ्यापासून माझं बोट शिकलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाला, ‘दादापक्षा हिचा हात भारी हाय.’ त्या हिवाळ्यात मी आठवड्यातून दोन-दोन दिवस शाळा बुडवायला लागले. मग तीन. मग एका संध्याकाळी बाबा सुकट-भाकरी खाता खाता सहज म्हणाला, ‘आता बास झाली शाला. हात पायजे घरात.’ म्हणजे जे मला चांगलं जमलं त्याच्याचपायी माझी शाळा गेली. मला जमलं नसतं, मी एखाद्या खोंडाला रक्त काढलं असतं, तर त्याने मला दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन हाकललं असतं. हे कळायला मला एक रात्रही लागली नाही.

आठ-दहा दिवसांनी चौधरी बाई आल्या. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या, शहापूरहून एसटीने येऊन-जाऊन करायच्या. फाट्यावरून चालत आल्या होत्या, चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या. आईने गुळाचा चहा दिला. बाई बराच वेळ गोडीने बोलल्या, मुलगी हुशार आहे, निबंध लिहिते, दहावी होऊ द्या. बाबा ओटीच्या खांबाला टेकून नुसता ‘हां, हां’ करत होता. शेवटी बाईंचा धीर सुटला.

‘तुम्ही तुमच्या हातानं मुलीचं खच्चीकरण करताय, कळतंय का तुम्हाला?’

बाबा हसायला लागला. खरोखर हसला, खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

‘बाई, त्ये काम मी सतरा-आठरा वरसं करतोय. त्याला काय म्हंतात त्ये मला नका सांगू.’

‘मी बैलांबद्दल बोलत नाहीये.’

‘मी बोलतोय ना. माज्या हातचा बैल बारा-बारा वरसं औत वडतो. गरीब गायीसारका ऱ्हातो. पोरं शेपटीला लोंबकलतात त्याच्या. त्याचा काय वाईट झाला? ज्याला हात लावला नाय तो खोंड बगा, लोकांच्या काठ्या खात फिरतो. पोरीचा बी तसाच हाय. शिकून धावंल हिकडं-तिकडं. घरात आसंल तर कामाला येल.’

बाई उठल्या. चहा अर्धा राहिला. मला वाटलं होतं बाबाला त्या शब्दाचा राग येईल, आणि राग आला की माणूस कधी कधी विचार करतो. त्याला राग आला नाही. त्याला तो शब्द चांगला वाटला. मी गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि त्या क्षणी मला माझ्या बापाचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात पुन्हा कुणाचाच आला नाही. आज मी सत्तरीला टेकलेय. तिटकारा विरला, पण तो आला होता हे मी नाकारणार नाही.

त्यानंतर आठवड्याभराने पोवळ्याची पाळी आली. पोवळ्या आमच्याच कपिलीचं वासरू, पोवळ्यासारखा तांबूस. मी त्याला बोटं चोखायला देऊन दूध प्यायला शिकवलं होतं. वर्षाचा झाल्यावर समोरच्या तुळशीराम काकाला एका पाडीच्या बदल्यात दिला, तरी रोज सकाळी भाताची पेज प्यायला आमच्याच दारात यायचा. आता तो दोन दाती झाला होता आणि काकाला पेरणीआधी त्याला औताला शिकवायचा होता.

माळावर ऊन नुकतं चढत होतं. काका आणि त्याचे दोन भाऊबंद यांनी दोर टाकला. पोवळ्या पडला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं वगैरे मी लिहिणार नाही, तो कुणाकडेच पाहत नव्हता, त्याचे डोळे पांढरे झाले होते. डावी बाजू आधी झाली. आवाज ओल्याचा सुका झाला, माझ्या बोटाखाली नस मऊ झाली, मी म्हटलं, ‘बसली.’ बाबाने घाम पुसला, मी काठ्या उजवीकडे घेतल्या. काका म्हणाला, ‘धोंडू, पोरगी लय तयार झाली रे तुजी.’ बाबा खूश झाला. माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘म्हनून तर काडली शालेतनं. ही गेली तर मी कुनाला धरू?’ आणि मोगरी मारायला सुरुवात केली.

दुसऱ्या का तिसऱ्या घावाला मी म्हटलं, ‘बसली.’

बाबाची मोगरी वरच थांबली. ‘बसली? नक्की?’

माझ्या बोटाखाली नस दोरीसारखी टणक होती. मी म्हटलं, ‘बसली.’

त्याने मोगरी खाली ठेवली आणि पाय सोडायला सांगितलं.

मी हे पोवळ्याच्या दयेपोटी केलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दया थोडीफार असेलही. पण डाव्या बाजूला तीच दया कुठे होती? डावी बाजू मी नेटाने धरली होती. मला बाबाचं काम बिघडवायचं होतं. त्याला एकदा तरी कळावं, हात असा काढून घेतला की काय होतं, एवढंच माझ्या मनात होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला इतकं आखता येत नाही असं कुणी म्हणेल. येतं.

बाबाने मीठ सोडलं. उजव्या बाजूची सूज दुसऱ्याच दिवशी उतरली. ती उतरणारच होती, तिथे काही झालंच नव्हतं. पण बाबाने त्याचा अर्थ वेगळा लावला. ‘बग, किती साफ काम झाला. हात लागलाच नाय आसा वाटतोय,’ असं आईला कौतुकाने सांगितलं. मी चुलीत लाकूड सारत होते.

शिमग्यापर्यंत सगळं उघडं पडलं. पोवळ्या जू मानेवर ठेवू देईना. गावातल्या गाईंमागे धावायचा, दुसऱ्या बैलांना शिंगावर घ्यायचा, आणि एकदा औताला शिकवताना त्याने तुळशीराम काकाला बांधावर असा आपटला की काका पंधरा दिवस कुशीवर वळू शकत नव्हता. धड सांड नाही, धड बैल नाही. मारुतीच्या पारावर लोकांना विषय मिळाला. होळीची सोंगं निघाली तेव्हा एकाने कमरेला मोगरी बांधून बाबाचं सोंग घेतलं. दुसरा ओरडला, ‘धोंडूच खच्ची झाला रे!’ व्यापाऱ्यांचा शब्द असा आमच्या गावात राहायला आला. बाबा पाराच्या कडेला उभा होता. तो घरी आला आणि हात-पाय न धुताच निजला.

शेवटी काकाने मुरबाडहून जनावरांचे डॉक्टर आणले. उन्हं तापलेली, वेळ चुकीची, पण आता थांबणं शक्य नव्हतं. डॉक्टरांकडे लोखंडी चिमटा होता. ना काठ्या, ना मोगरी, ना मागचा हात. चाचपून म्हणाले, ‘उजवी बाजू शाबूत आहे. इथे काही केलेलंच नाही कुणी.’ मग चिमटा लावला, दाबला, मनात काहीतरी मोजलं, सोडला. दोन मिनिटं. काका माझ्याकडे बोट करून म्हणाला, ‘पोरीला धरायला लावली, म्हनून झाला ह्यो सगला. बायमानसाचा काम हाय का ह्यो?’

मी बाबाच्या मागे उभी होते. आता तो माझ्याकडे वळणार, आता विचारणार, याची वाट पाहत होते. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान आजवर मी स्वतःची समजूत तशी घातली आहे.

बाबा म्हणाला, ‘पोरीचा काय नाय त्यात. माजा कान गेलाय.’

त्या दिवशी बाबाने मीठ खाल्लं नाही. काम त्याने केलं नव्हतं, तरी नाही. उन्हाळ्याची जखम, पोवळ्याची सूज उतरायला पंधरा दिवस लागले, आणि पंधरा दिवस बाबा रोज समोरच्या गोठ्यात जाऊन पाहून यायचा आणि अळणी जेवायचा. मोगरी आणि काठ्या त्याने माळ्यावर टाकल्या. पुढल्या हिवाळ्यापासून सगळेच डॉक्टरांना बोलवायला लागले. तसंही ते व्हायचंच होतं, चिमटा आला होता, एका हिवाळ्याचा नाहीतर चार हिवाळ्यांचा प्रश्न होता. असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण लोकांनी त्याला सोडणं वेगळं आणि आपला कान गेला म्हणून त्याने स्वतःला सोडणं वेगळं. तो तेव्हा चाळिशीत होता. त्याचा कान ठणठणीत होता, रानात दोन शेतांपलीकडे गायीची घंटा वाजली तरी त्याला कळायची, पण घंटा ऐकून तो म्हणायचा, ‘वाजली का रे? का मलाच वाटलं?’ आणि आमच्यापैकी कुणीतरी हो म्हणेपर्यंत उठायचा नाही.

पोवळ्या मात्र निवला. पुढे दहा-अकरा वर्षं त्याने काकाचं औत ओढलं, पोरं त्याच्या शेपटीला लोंबकळली. मी वाचवला तो एवढाच.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाबा ओटीवर विळा घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, ‘इंदे, आता घरात तुज्या हाताला काय काम नाय. जा शालेत.’ मी नववीला दुसऱ्यांदा बसले. चौधरी बाईंना वाटलं त्यांच्या बोलण्याचा परिणाम झाला, मी वाटू दिलं. दहावी झाले, कल्याणला राहून डी.एड. केलं, नोकरी लागली. निवृत्तीच्या सत्काराला एका वक्त्याने सांगितलं, त्या काळात खेड्यातल्या एका अडाणी बापाने लेकीचं खच्चीकरण होऊ दिलं नाही. टाळ्या पडल्या. मी हात जोडले आणि शाल घेतली.

बाबा पुष्कळ जगला. शेवटची वर्षं त्याला ऐकू कमी यायला लागलं तेव्हा त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, त्याच्या हिशेबी कान कधीच गेलेला होता. एकदा मी माझ्या लेकीला घेऊन गावाला गेले होते. दुपारचं जेवण ओटीवरच, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. लेक तेव्हा कॉलेजात होती. ती त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही आईला शिकवलंत ना? ग्रेट आहात तुम्ही.’

‘मी नाय शिकवली,’ बाबा म्हणाला. ‘माजा कान गेला, म्हनून शिकली ती. नायतर मी सोडनार नव्हतो. हिच्यासारका हात नव्हता कुनाचा.’ त्याने माझा उजवा हात धरला, पहिलं बोट चाचपलं, आणि नातीला दाखवलं. ‘ह्या बोटानं सांगितला बसली, म्हंजे बसली. एकदा मला आवाज वला वाटला. मी थांबलो. इचारला हिला, नक्की? ही बोलली, बसली. डाक्टर बोलला नस शाबूत हाय, तरी बी मी बोललो, पोरीचा बोट खोटा बोलायचा नाय. माजाच कान खोटा.’

लेकीला काहीच कळलं नाही, ती हसून भाकरी मोडायला लागली. आजोबांना वयामुळे काहीबाही आठवतंय असं तिला वाटलं असावं. बाबाने माझा हात सोडला नव्हता. सांगायला ती जागा होती, ती वेळ होती. चार शब्द पुरले असते. त्याला त्याचा कान परत मिळाला असता. पण तेवढ्यात त्याच्या लेकीचं बोट त्याच्या हातातून गेलं असतं, आणि आता त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं, असं मला वाटलं. की हीही पळवाटच, मला ठरवता आलेलं नाही.

मी हात सोडवून घेतला आणि आत गेले. भातात मीठ आम्ही घालतच नाही. तेवढा कोरा भात माझ्या ताटात घेतला, वरून ताक घेतलं आणि बाहेर येऊन जेवायला बसले. बाबाचं लक्ष गेलं. त्याचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

‘बिरडं नाय घेतलास? मीठ सोडलास का काय?’

‘बीपी आहे, बाबा. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय.’

‘मग नको खाव,’ तो म्हणाला. ‘डाक्टरला कलतं सगला.’

तो जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला बीपी तेव्हा नव्हतं, आजही नाही.